बोअर मारलं, पीडीएफ केली, विसरलो

सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यात बुधवार पेठेत पोस्टाच्या आवारात पालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला ना, तो व्हिडिओ इकडे न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चमधल्या मराठी ग्रुपवर पण दोन दिवस फिरत होता आणि वाद तोच, मेट्रोमुळे झालं की खाली जुनी विहीर बुजवलेली होती. मी जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे बांधकामाआधी जमिनीखालची माती-दगड तपासायचं काम करतो, मला प्रश्न वेगळाच पडला, की पेठांमध्ये किती विहिरी बुजवल्यात, कात्रजहून आलेला पेशव्यांचा नळ नक्की कुठून जातो, मेट्रोसाठी माती-दगड तपासायला बोअर मारले त्यात काय निघालं, हे सगळं एका नकाशावर कुणाला दिसतं का?

इकडे दिसतं. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसं गेली, वस्त्यांखालची वाळू पाण्यासारखी झाली, रस्त्यांवर गाळ वर आला, हजारो घरं कायमची सोडावी लागली. मग सरकारी पैशातून ढीगभर बोअर आणि सीपीटी (टोकदार कोन जमिनीत दाबून माती किती घट्ट ते मोजायची चाचणी) झाले आणि ते सगळं एका ऑनलाइन डेटाबेसमध्ये टाकलं, 2016 मध्ये तोच अख्ख्या न्यूझीलंडसाठी केला. आता नवीन साइट आली की आम्ही आधी शेजारच्या प्लॉटखाली काय लागलं ते बघतो आणि मग आपले बोअर कुठे मारायचे ते ठरवतो. त्यातलं घ्यायचं असेल तर आपलंही टाकायचं, असा रिवाज आहे.

पण लगेच "बघा परदेशात कसं" म्हणू नका, यांनाही हे सुचलं ते शहर पडल्यावरच. आणि इथली पद्धत उचलून तिकडे चालायची नाही, इथे सपाट वाळू-गाळ आहे, सीपीटीचा कोन सरळ आत जातो, पुण्या-मुंबईच्या काळ्या दगडात तो जाणारच नाही, तिथे कोअर, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना, काढावा लागतो. वर शेकडो वर्षांचा भराव, मुंबईत खाडी बुजवलेली. दोन बोअरच्या मध्ये काय आहे ते ऑनलाइन डेटाबेसला पण कळत नाही, तिथे अनुभवी माणूसच लागतो.

तरी पण आपल्याकडे बोअर कमी होत नाहीत हो! प्रत्येक पूल, प्रत्येक टॉवर, मुंबईच्या मेट्रो 3 चा 33 किलोमीटरचा मार्ग, सगळ्यासाठी होतात. मग रिपोर्टची पीडीएफ टेंडरच्या फायलीत जाते आणि चार वर्षांनी शेजारी दुसरं खातं परत तेच बोअर मारतं. ठेकेदाराला शिव्या घालणं सोपंय, पण ठेकेदाराला फायनल बिलाआधी डेटा अपलोड करायला लावणारी अट टेंडरमध्ये कोण घालणार? त्यासाठी नवीन काही शोधायचं पण नाही, ब्रिटनमध्ये अशा बोअरच्या डेटासाठी एजीएस नावाचा फॉरमॅट 1992 पासून आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून देता-घेता येतो. कन्सल्टंट मंडळी म्हणतील आमचा धंदा बुडेल. इथे तरी बुडाला नाही, आमच्या ऑफिसात भरती चालूच आहे.