जमेची बाजू

पस्तीस वर्षे सरकारी लेखापरीक्षणात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी घरखर्चाची वही लिहितो. रोज रात्री नऊ वाजता चष्मा पुसून बसायचे, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च मांडायचा आणि खिशातल्या रोकडीशी ताळा जमवून झोपायचे, असा क्रम आहे. दूधवाला, इस्त्रीवाला, गणपतीची वर्गणी (शेरा : पावती मिळाली नाही) अशा सगळ्या नोंदी आजवर आपापल्या रकान्यात निमूटपणे जाऊन बसत होत्या. आमच्या भागात सवलतीच्या दराने किराणा विकणारे ते अवाढव्य दुकान उघडले आणि माझी वही अडली. तिथल्या बिलाच्या तळाशी, भरायच्या रकमेपेक्षाही ठळक अक्षरांत, ‘आज आपण वाचवलेली रक्कम’ अशी एक ओळ छापलेली असते. ही रक्कम कोणत्या बाजूला लिहायची, हा प्रश्न मला सबंध नोकरीत कुणी विचारला नव्हता.

बायकोच्या मते तो प्रश्नच नाही. वाचलेले पैसे म्हणजे मिळालेले पैसे, तेव्हा ते जमेला लिहावेत. मी म्हणालो, जमेला लिहिले तर रात्री रोकड तेवढ्याने जास्त निघायला हवी, ती दाखव. त्यावर तिने, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर माणसाला चांगले काही दिसेनासे होते, असा अभिप्राय दिला आणि स्वतःची वेगळी वही सुरू केली. तिच्यात फक्त वाचवलेल्या रकमा असतात. गेल्या दिवाळीपर्यंत ती बेरीज तेवीस हजारांच्या पुढे गेली होती आणि एवढ्या पैशांत एक बरी पैठणी येते, असे तिने मला दोनदा, कसलाही आग्रह न करता, सांगितले होते.

मुळात हा आकडा येतो तो छापील कमाल किमतीतून प्रत्यक्ष घेतलेली किंमत वजा करून. पाकिटावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती १९९० साली आली. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ एवढे छापून मोकळे होता येत असे आणि पुढचे दुकानदाराच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले असे. म्हणजे ही किंमत हा भाव नव्हे, ती एक मर्यादा आहे. हे बायकोला पटवण्यासाठी मी जाता जाता स्कूटरचे उदाहरण दिले. माझ्या स्कूटरच्या काट्यावर १२० पर्यंतचे आकडे आहेत आणि रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावर ती १५ च्या पुढे जात नाही. तर मी ताशी १०५ किलोमीटर वाचवले असे म्हणायचे काय?

“पेट्रोल वाचलं असेल,” ती मागून म्हणाली.

महिन्याचा पहिला रविवार हा अशा दुकानात जाण्याचा दिवस नव्हे. ज्याचा ज्याचा पगार झालेला असतो, तो तो त्या दिवशी सहकुटुंब तिथे असतो, आणि मला तर एखाद्या मंगळवारी दुपारी निवांत जाता येईल. परंतु मंगळवारपर्यंत ‘चांगलं काही उरत नाही’ असा बायकोचा सिद्धान्त आहे. त्या दिवशी आमच्याकडे अकरा वस्तूंची यादी होती. ती वीजबिलाच्या पाठीमागे माझ्याच अक्षरात लिहिलेली होती आणि तिच्याखाली मी रेघ मारून ‘एकूण बाबी अकरा’ असे लिहिले होते, कारण रेघेखाली मागाहून काही घुसडता येत नाही, असा सरकारी कागदांचा अनुभव आहे.

दारातच आमची पिशवी अडवण्यात आली. वाटेत घेतलेली कोथिंबिरीची एक जुडी तिच्यात होती. तिथल्या रखवालदाराने पिशवीचे तोंड मुरगळून प्लॅस्टिकच्या पट्टीने असे करकचून आवळले की एखाद्या संशयिताला तोंड दाबून नेत असल्यासारखी ती जुडी दोन पाने बाहेर काढून तासभर माझ्याकडे पाहत होती.

ढकलगाडी घ्यायची नाही, हातातली टोपली घ्यायची, हा माझा नियम आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. ओक्लाहोमा शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या ध्यानात आले की टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, म्हणून १९३७ साली त्याने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची गाडी बनवली. लोक सुरुवातीला तिला हात लावीनात, तेव्हा त्याने पैसे देऊन माणसे आणली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत हिंडायला लावले. म्हणजे टोपलीचा कान हाताला काचतो, तेच खरे अंदाजपत्रक असते. हे सगळे मी बायकोला दारात उभ्या उभ्या सांगितले. सांगून होईपर्यंत तिने गाडी आणलेली होती. तिचे पुढचे डावे चाक फिरत नव्हते, त्यामुळे आम्ही जिथे जाऊ म्हणत होतो तिथे न जाता ती सतत डावीकडे, म्हणजे बिस्किटांकडे, वळत होती.

सुट्या धान्याचा विभाग मात्र मला मनापासून आवडतो. इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम, जाडा रवा, बारीक रवा आणि तूरडाळ यांच्या उघड्या पेट्या ओळीने मांडलेल्या असतात आणि पाकीटबंद जगात दबलेली खरी पुणेरी चिकित्सक वृत्ती तिथे मोकळा श्वास घेते. एक आजी तांदळाचे चार दाणे दाढेखाली फोडून, तांदूळ नवा की जुना याचा निवाडा अनोळखी सुनांना देत होत्या. एक गृहस्थ आंबेमोहोराची ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटून उभे होते; वास आला असावा किंवा येत नसावा, चेहऱ्यावरून काही कळेना. शेंगदाण्यांच्या पेटीपाशी माझ्याच वयाचे एक जण चव पाहत होते. चव पाहणे किती दाण्यांत संपते आणि न्याहारी कुठे सुरू होते, याबद्दल नियमात स्पष्टता नाही. मी आक्षेप घेण्याच्या विचारात होतो, पण त्यांनी ओंजळ पुढे केली आणि दाणे खरोखरच चांगले भाजलेले होते. प्रकरण तिथेच निकाली काढले.

त्यानंतर आला तेलाचा आणि साबणाचा भाग, आणि तिथे आमचा पाऊण तास गेला. त्याला मी जबाबदार आहे असे म्हटले जाते. २०२२ पासून पाकिटावर एकक किंमतही छापावी लागते, म्हणजे कोणते पाकीट स्वस्त हे ग्राहकाला चटकन कळावे. कल्पना उत्तम आहे. फक्त किलोच्या आतल्या पाकिटावर ती दर ग्रॅमला आणि किलोच्या वरच्या पाकिटावर दर किलोला असते, आणि अक्षरे मुंगीच्या पायाएवढी असतात. एका हातात अर्ध्या किलोचे चहाचे पाकीट, त्यावर ग्रॅमला ०.४८ रुपये, दुसऱ्या हातात दीड किलोचे, त्यावर किलोला ४७५ रुपये, चष्मा कपाळावर आणि मागे सात गाड्यांची रांग, अशा अवस्थेत मी हजाराने गुणून किलोमागे पाच रुपयांचा फरक काढला. तेलाचे तर विचारूच नये. एक लिटर तेल वजनाने साधारण ९१० ग्रॅम भरते, परंतु शेजारच्या खणात तशाच रूपाची, तशाच उंचीची ८५० ग्रॅमची पिशवी स्वस्त म्हणून उभी असते. मी हे आजूबाजूच्या तीनचार जणांना समजावून सांगितले. दोघांनी आभार मानले आणि एकाने मला दुकानाचा कर्मचारी समजून फिनेल कुठे आहे ते विचारले.

हा सगळा वेळ मी एका पैशाच्या काटकसरीत गुंतलेला असताना गाडी भरत होती. ‘तीनवर एक मोफत’ म्हणून साबणाच्या चार वड्या आल्या. ‘एका बिलावर दोनच’ अशी पाटी असलेल्या काचेच्या वाट्या दोन संच आल्या, कारण दोनच देतात म्हणजे वस्तू मोलाची असणार. एक पायपुसणे आले. आमच्या घराला दरवाजे तीन आहेत आणि पायपुसणी आता सात झाली आहेत.

“अगं, हे यादीत नाही,” मी म्हणालो.

“अहो, अर्ध्या किमतीत आहे,” ती म्हणाली.

ही दोन्ही विधाने खरी होती आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आमच्या संसारातले बहुतेक वाद असेच आहेत.

रांगेत उभे असताना मला पुष्कळ आठवते. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम आमच्या पुण्यातून सुरू केले; वस्तू पारखून घ्या, पावती मागा, गरज नसेल तर घेऊ नका. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरच्या उभ्या रेघा यंत्राने पहिल्यांदा वाचल्या. एकाच वर्षी दोन्ही बाजूंनी तयारी सुरू झाली होती आणि एकावन्न वर्षे उलटून गेल्यावर मी हातात पायपुसणे घेऊन मधोमध उभा होतो. तेवढ्यात गल्ल्यावरच्या मुलीने साबुदाण्याची पिशवी वर धरली. तिच्यावर वजनाची चिठ्ठी नव्हती. चव पाहण्याच्या नादात मी ती तोलून घ्यायला विसरलो होतो. मागच्या पंधरा माणसांनी एकच सुस्कारा सोडला. मी साबुदाणा घेऊन गर्दीतून उलटा पळालो आणि, नमूद केले पाहिजे, तोलून परत आलो तोवर कुणीही एक अपशब्द काढला नाही. फक्त माझ्याकडे पाहून एक गृहस्थ आपल्या मुलाला हळूच काहीतरी शिकवत होते.

बिल ४,६४९ रुपये झाले. छापील किमतींची बेरीज ५,२८७ होती, म्हणजे आम्ही ६३८ रुपये वाचवले होते. कापडी पिशव्या घरी, स्कूटरच्या डिकीत आणि कपाटाच्या मागे मिळून चाळीसएक असल्याने आम्ही दोन नव्या विकत घेतल्या. बाहेर पडताना दारावरच्या माणसाने तीन हात लांबीचे ते बिल घेतले, गाडीकडे अर्धी नजर टाकली, बिलावर एक उभी रेघ ओढली आणि परत दिले. एकही बाब ताडून पाहिली नाही. मला बोलायचे होते. पण पस्तीस वर्षे मीही हेच केले होते, आणि त्याला आम्ही नमुना तपासणी म्हणत असू.

घरी परतण्याची वेळ आम्ही नेहमी एकनंतरची ठेवतो. आमच्या कोपऱ्यावर वाण्याचे दुकान आहे. सासूबाई रुग्णालयात होत्या तेव्हा रात्री साडेदहाला शटर वर करून त्याने मुगाची डाळ आणि तांदूळ दिले होते, पैसे नंतर. त्याच्या समोरून दुसऱ्याच्या दुकानातल्या चार फुगलेल्या पिशव्या नेणे जड जाते, म्हणून तो जेवायला जाईपर्यंत थांबायचे. त्या दिवशी मात्र कुणा कंपनीचा माणूस त्याच्याकडे हिशेबाला बसला होता आणि शटर अर्धेच खाली होते. पिशव्या स्कूटरवर मावत नसल्याने मी ती ढकलत, पाय न वाजवता चाललो होतो. अर्ध्या शटरखालून त्याला आमचे गुडघे आणि पिशव्या एवढेच दिसत असणार.

“काका,” आतून आवाज आला, “काकूंचा फोन आला होता. हिंगाची डबी काढून ठेवलीय.”

मी बायकोकडे पाहिले. तिथे आपला हिंग नव्हता, ती म्हणाली, मग रांगेतूनच फोन केला. मी वाकून शटरखालून हात घातला. डबीवर ९५ छापले होते; त्याने ९० घेतले आणि वर “पिशवी देऊ का?” असे विचारले, ज्यात मला तरी काही टोमणा दिसला नाही. बायकोला दिसला.

रात्री नऊ वाजता वही उघडली. यादीतल्या अकरा बाबींचे झाले होते १,८६२ रुपये आणि त्यांवरची बचत २१४. उरलेले २,७८७ रुपये यादीबाहेरच्या वस्तूंवर गेले होते आणि त्यांनी आम्हाला ४२४ रुपये वाचवून दिले होते. मी दोन्ही आकडे स्वतंत्र कागदावर मांडून बायकोसमोर ठेवले. तिने फक्त ६३८ वाचले, आपल्या वहीत उतरवले आणि बेरीज पुढे ओढली. मी उजव्या रकान्यात एकेक खर्च लिहीत गेलो : किराणा, दोन पिशव्या, पेट्रोल. शेवटी लिहिले : हिंग, ९०. रोकड जमली. मी वही मिटू लागलो.

“आणि त्यातले पाच?” तिने पेन उघडतच विचारले.