हलक्या विमानाला शेतही पुरते, हे खरे नव्हे

अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या ब्रूस मेडोज या गवताळ धावपट्टीवरून 2012 साली उडालेले चौघांचे स्टिन्सन विमान झाडांत कोसळले, त्याची चित्रफीत कोल्हापुरात व्हॉट्सअॅपवर फिरते आहे. सोबतचा मजकूर असा: ‘इंजिन बंद पडले म्हणून पडले, एरवी हलक्या विमानाला शेतही पुरते, आणि नाहीच उठले तर नाक वर ओढायचे.’ तिन्ही विधाने चुकीची आहेत. तिसरे तर जिवावर बेतणारे.

इंजिन चालूच होते. पट्टी समुद्रसपाटीपासून 6,000 फुटांहून उंच आणि दिवस जूनअखेरचा, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचा. अशा विरळ हवेत इंजिनाची ताकद, प्रोपेलरचा रेटा आणि पंखांची उचल एकदमच घटतात, त्यात खाली दाबणारा वारा लागला. (चौघेही वाचले.) हे दूरचे वाटत असेल तर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा हिशेब करावा: तो सुमारे 2,000 फुटांवर, त्या उंचीचे प्रमाण (हिशेबासाठी ठरलेले) तापमान 11 अंश, मे महिन्यात 38 अंश झाले आणि दर जादा अंशाला 120 फूट धरले, की विमानाच्या लेखी तो 5,200 फुटांवर जातो. लांब डांबरी धावपट्टीवर हे खपून जाते.

शेत पुरते म्हणणाऱ्याने ओल्या फडातून उसाची ट्रॉली बाहेर निघताना पाहावी: ट्रॅक्टर तोच, ऊसही तोच, पण सरीत चाक रुतले की तो काळा धूर ओकतो आणि डांबरीवर येताच सुटतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे ओल्या गवतावर उड्डाणाचे अंतर 30 टक्के, 10 टक्के जादा वजनाने 20 टक्के आणि 2 टक्के चढाने 10 टक्के वाढते. मात्र यांची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा असतो, म्हणून 400 मीटरचे 686 होतात.

राहिले नाक ओढणे. जमिनीलगत, साधारण पंखांच्या विस्ताराइतक्या उंचीपर्यंत, हवेचा रोध कमी असल्याने विमान अपुऱ्या वेगातही उचलले जाते. त्याच भरवशावर चढवले की तो आधार सुटतो, आणखी नाक ओढले की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल एकदम तुटते. म्हणून सराईत वैमानिक चाके जमिनीवरून सुटल्यावर नाक किंचित खाली ठेवून गवतालगतच वेग वाढवून घेतो. त्याआधी अर्ध्या पट्टीवर त्याची खूण ठरलेली असते: तिथे उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) मागे घेऊन ब्रेक लावायचे. ओल्या गवतावर त्यासाठी उरलेली अर्धी पट्टीही कमी पडू शकते.