डिकन्सला शब्दामागे पैसे मिळत नव्हते

माझी भाची इंग्रजी घेऊन बी.ए. करतेय. चार्ल्स डिकन्सचं 'ब्लीक हाउस' तिने हौसेने वाचायला घेतलं आणि पहिल्या काही धड्यांतच सोडून दिलं. कारण मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड: डिकन्सला शब्दामागे पैसे मिळायचे म्हणून त्याने कादंबऱ्या फुगवल्या, लोकांना दुसरी करमणूक नव्हती म्हणून त्या खपल्या, आणि तो भारतीयांचा द्वेष्टा होता, तेव्हा वेळ घालवू नका. "मावशी, खरंय का गं हे?" असं तिने विचारलं म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे, आणि नुकसान सगळ्यात जास्त त्यानेच होतं. एकदा 'हे पैशासाठी घातलेलं पाणी आहे' असं डोक्यात बसलं की प्रत्येक वर्णन भरताडच वाटणार.

डिकन्सला पैसे मिळत ते हप्त्याचे, पुढे तर नफ्यातला वाटा. त्याच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या दर महिन्याला एक शिलिंगच्या अंकातून आल्या. अंकात पानं बत्तीस, चित्रं दोन. पानं ठरलेली, त्यामुळे जास्त लिहून एक पेनीही वाढत नव्हती. उलट 'डॉम्बी अँड सन'चे सुरुवातीचे हप्ते लांबले तेव्हा प्रुफांवर त्याला स्वतःचाच मजकूर कापावा लागला. शब्द मोजून पैसे घेणारा माणूस असं कशाला करेल?

पुरावा हवा असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याची हस्तलिखितं आहेत, त्यांत या हप्त्यांचे आराखडेही आहेत. कागदाच्या एका बाजूला तो स्वतःलाच प्रश्न विचारतो: हे पात्र या अंकात आणायचं का? आणि खाली स्वतःच उत्तर देतो: हो, नाही, किंवा आत्ता नको. दुसऱ्या बाजूला धड्यांची मांडणी. पानं भरायला बसलेला लेखक इतकं मोजूनमापून काम करत नाही.

आता 'ब्लीक हाउस'ची सुरुवातच बघा, जिथे बरेच जण कंटाळतात. धुकं थेम्सवर आहे, एसेक्सच्या दलदलीत आहे, म्हाताऱ्या पेन्शनरांच्या घशात आहे, डेकवर कुडकुडणाऱ्या पोऱ्याच्या बोटांना झोंबतंय. आणि त्या धुक्याच्या ऐन मध्यभागी कोण बसलंय? चान्सरी कोर्टाचे, म्हणजे वारसा-मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या इंग्लंडमधल्या तेव्हाच्या कोर्टाचे, न्यायमूर्ती. तिथला वारशाचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि संपतो तो सगळी इस्टेट कोर्टखर्चात गेली म्हणून. यातली धुक्याची एक ओळ काढून बघा, कोर्ट तेवढं कमी गुदमरवणारं होतं. तारखांवर तारखा घेत आयुष्यं गेलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना हे समजवावं लागणार नाही.

करमणूक नव्हती म्हणून खपला, हेही चूक. 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'चा खप लाखावर गेला होता, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच 'मार्टिन चझलविट' वीस हजारांच्या आसपास अडकली. वाचक तेव्हाही नावडतं बाजूला ठेवतच होते.

हप्त्यांमुळे काही ठिकाणी कथानक रेंगाळतं, हे मात्र मान्य. 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधल्या लहानग्या नेलच्या मरणाभोवतीचा गहिवर मलाही झेपत नाही.

राहिला भारतीयांचा मुद्दा. तो खरा आहे, आणि फॉरवर्डमध्ये लिहिलाय त्याहून वाईट आहे. 1857च्या ऑक्टोबरात अँजेला बर्डेट-कूट्स या आपल्या श्रीमंत, दानशूर मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात, आपण भारतात सरसेनापती असतो तर ही जमातच नष्ट करण्यासाठी शिकस्त केली असती, असं त्याने म्हटलंय. त्याचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी सैन्यात भरती होऊन भारतात आला होता, पण त्याने ते पत्र क्षम्य होत नाही. चान्सरीत भरडलेल्या गरिबासाठी जीव तुटणारा हा माणूस आपल्या लोकांबद्दल असं लिहू शकला, याचा मला आजही राग येतो. ते पत्र वाचून कुणी डिकन्स कायमचा मिटून ठेवला, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.