दोन दगड आणि एक फांदी

हात अजून थरथरतोय. तरी आत्ताच लिहिते, उद्यापर्यंत राग निवेल आणि मग लिहिणार नाही.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वाईहून पुण्याला येत होतो. गाडी भाऊ चालवत होता. शिरवळच्या अलीकडं डाव्या लेनमध्ये एक ट्रेलर उभा. चालत नव्हता, उभा होता. मागचा एकही दिवा लागलेला नाही. ताडपत्री लोंबून नंबरप्लेटवर आलेली, आणि चमकणाऱ्या पट्ट्या असतील तर त्या चिखलाखाली. इशारा म्हणून मागं दहा-बारा पावलांवर दोन दगड आणि बाभळीची एक फांदी. भावाला फांदी दिसली म्हणून त्यानं स्टिअरिंग ओढलं. शेजारून एसटी जात असती तर आज ही पोस्ट दुसऱ्याच कुणीतरी लिहिली असती, फोटो आणि हार घालून.

माझ्या जुन्या मित्रमंडळींना मामाचं माहीत आहे. नव्यांसाठी सांगते. २०१६ च्या डिसेंबरात माझा मामा रात्री दुकान बंद करून मोटरसायकलवरून घरी निघाला होता. तो शिंपी होता. याच हायवेवर असाच एक लोखंड भरलेला ट्रेलर बिनदिव्याचा उभा होता. मामा मागून त्यात घुसला. वय ४७. डोक्यावर हेल्मेट होतं, हे मुद्दाम सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. ट्रेलरची मागची कड छातीच्या उंचीला असेल तर हेल्मेट काय करणार?

आणि गुन्हा कोणावर दाखल झाला? मामावर. हयगयीनं गाडी चालवून ‘स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’. पेपरात ही ओळ तुम्हीही शंभरदा वाचली असेल आणि पान उलटलं असेल. मीही उलटायचे. ती ओळ आपल्या घरातल्या माणसाच्या नावापुढं येते तेव्हा कळतं तिचा अर्थ काय. ज्यानं चाळीस टन धूड अंधारात सोडून दिलं तो साक्षीदार, आणि जो मेला तो आरोपी.

कायदा नाही असं नाही हो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही. रस्त्यात अडथळा केल्याचं वेगळं कलम आहे. मामा गेला तेव्हा भारतीय दंड संहितेत त्याला दंड होता २०० रुपयांपर्यंत. नव्या न्याय संहितेत तो ५,००० पर्यंत नेलाय. दोनशे रुपये! मामा एक ब्लाउज शिवायचे त्यापेक्षा जास्त घ्यायचा.

नवले पुलावर काही झालं की अख्खं पुणं हळहळतं. हळहळायलाच हवं. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका अवजड ट्रकनं कितीतरी गाड्या उडवल्या, १३ नोव्हेंबर २०२५ ला आठ जीव गेले, माणसं गाडीत जळाली. प्रत्येक वेळी कात्रज बोगद्यापासूनच्या उतारावर चर्चा होते, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. हे सगळं खरं आहे. पण त्याची निदान चर्चा तरी होते. उभ्या ट्रकवर आदळून मेलेल्या माणसाला दोन ओळी मिळतात, आणि त्या दोन ओळींतही चूक त्याचीच.

तर आज मी भावाला गाडी पुढं घ्यायला लावली, खाली उतरले आणि त्या ड्रायव्हरवर जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. शिव्याही दिल्या. भाऊ दंडाला धरून मागं ओढत होता. मला समोर तो दिसतच नव्हता, २०१६ चा तो दुसरा दिसत होता, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही.

तो काही बोलला नाही. विशी-बाविशीचा पोरगा. तमिळनाडूहून निघालेला, भिवंडीला जायचंय. एक्सल तुटलाय दुपारी तीनला, बॅटरी उतरलीय म्हणून दिवे नाहीत. क्लीनर नाही, मालक हल्ली देत नाही म्हणाला. मालकाला अकरा फोन केलेत, मोबाइल दाखवला मला. दोनदा उचलला, ‘माल सोडून हलू नकोस’ म्हणाला. दगड त्यानंच शेतातून आणलेत, फांदीही त्यानंच तोडली, हात खरचटलेले. मोडक्यातोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला की, मीपण घाबरलोय, मागून कुणी आलं तर पहिला मी मरेन, मी मागंच उभा राहून हात करतोय केव्हाचा.

मग माझ्याकडं बोलायला काही राहिलं नाही.

भाऊनं १०३३ ला फोन लावला. (हा नंबर सेव्ह करा. राष्ट्रीय महामार्गाची मदत आहे, चोवीस तास. त्या पोराला ठाऊक नव्हता.) आम्ही आमच्या गाडीचे पार्किंग लाइट लावून मागं थांबलो. पेट्रोलिंगची गाडी आली, त्यांनी शंकू लावले, लुकलुकणारा दिवा ठेवला. तेवढ्या वेळात किती गाड्या शेवटच्या क्षणी वळल्या ते मोजायला सुरुवात केली होती, सतरानंतर सोडून दिलं.

आणि आता मला सांगा, ज्या मालकानं अकरा फोनांत हे पोरगं अंधारात उभं ठेवलं, त्याचं नाव कुठल्या एफआयआरमध्ये येणार होतं? नुकसानभरपाईच्या दाव्यात येतं, मान्य आहे. तिथं ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांना प्रतिवादी करतात. पण मालक एकदा वकील देतो, विमा चालू असल्याचा कागद देतो आणि सुटतो. पुढची लढाई विमा कंपनीचा वकील आणि एक विधवा बाई यांच्यात.

ती बाई माझी मामी. चौथी शिकलेली. जिल्ह्याच्या कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. पहिला प्रश्न, तुमचे मिस्टर महिन्याला किती कमवायचे? बारा-पंधरा हजार. पुरावा? शिंप्याकडं कसला पुरावा असतो? इन्कम टॅक्स रिटर्न? तिनं पिशवीतून मामाची मापांची वही काढली. छाती, कंबर, बाही, उंची, नावं, तारखा. पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं त्या वहीत. समोरच्या वकिलांनी पानं चाळली आणि विचारलं, यात पैसे कुठं लिहिलेत?

मामीनं वही परत घेतली आणि पदरानं पुसली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग हिशेब झाला. उत्पन्न धरलं महिना ६,०००. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, २००९ चा आणि २०१७ चा, त्यावरून गणित ठरलेलं असतं. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नास म्हणून भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के धरायचे, म्हणजे साडेसात हजार. त्यातून तो स्वतःवर खर्च करणार होता म्हणून एक तृतीयांश वजा, उरले पाच. वर्षाचे साठ हजार. वय ४७ म्हणून गुणिले १३. सात लाख ऐंशी हजार. वर अंत्यविधी वगैरेचे काही हजार. आणि मग त्या सगळ्यातून ४० टक्के कापले, कारण मामानं ‘पुरेशी काळजी घेतली नाही’. अंधारात काळा ट्रेलर दिसला नाही, ही त्याची ४० टक्के चूक.

कुणीतरी खाली लिहीलच, की हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढ्याच वेगानं चालवावं. बरोबर आहे. चालवावं.

आणि हेही खरं, की कायदा थोडा सुधारलाय. आता कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख मिळू शकतात, तेव्हा कलम १४० खाली असे ५० हजार मिळायचे. पण त्याच दुरुस्तीनं दावा करायला सहा महिन्यांची मुदतही घातली, १ एप्रिल २०२२ पासून. मामी वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. पहिल्यांदा वकिलाकडं गेली ती दीड वर्षानं, धाकट्याची फी थकली तेव्हा. त्या नियमानं तिला दारातच अडवलं असतं. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, आणि पुढचा आदेश होईपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. पण ती मुदत कायमची उठायलाच हवी. ज्या घरातला माणूस असा गेला त्या घराला सहा महिने काय कळत असतं?

ड्रायव्हरांचा जानेवारी २०२४ मधला संप आठवतोय? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि आपण सगळे त्यांना शिव्या घालत होतो. अपघात करून पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, या कलमाविरुद्ध होता तो. मीही तेव्हा लिहिलं होतं इथंच, की दहा काय वीस द्या. आज त्या पोराचे खरचटलेले हात पाहून ती पोस्ट काढून टाकावीशी वाटली. पळणाऱ्याला शिक्षा हवीच, यावर मी हटणार नाही. पण १९६१ मध्येच कायदा झाला होता की मोटार कामगाराला दिवसाला आठ तास काम. हा पोरगा किती तास जागा होता मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. फक्त शिव्या दिल्या.

निघताना त्याला पाण्याची बाटली आणि मामीनं बांधून दिलेल्या चपात्या दिल्या. घेत नव्हता.

घरी पोचल्यावर मामीला फोन केला. सांगू की नको करत सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रडतेय.

मग म्हणाली, “गाडी हलवल्यावर दगड बाजूला काढलं का गं त्यांनी?”

मी म्हटलं, आम्ही निघालो तेव्हा गाडी तिथंच होती मामी, मला माहीत नाही.

“मग सकाळी कुणालातरी बघायला सांग,” ती म्हणाली. “रातच्याला लोक मोटरसायकलवरनं येत्यात.”

शिरवळ-खंडाळा भागातलं कुणी हे वाचत असेल आणि सकाळी पुण्याच्या दिशेनं निघणार असेल, तर शिरवळच्या अलीकडं डाव्या लेनमध्ये बघा. दोन दगड आहेत, आणि बाभळीची फांदी. असतील तर बाजूला करा आणि मला कळवा. मामीला सांगायचंय.