लागर आणि थंडीचं सोवळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरी पहिली लागर (थंडीत आंबवायची बिअर) करण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही मनापासून आणि सविस्तर विरोध केलात, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ३४/७० नावाचं लागर यीस्ट १९-२० अंशांवरही स्वच्छ बिअर देतं, पंधरा दिवसांत बाटल्या भरून होतात. मग १० अंश, दुप्पट यीस्ट आणि महिनाभर फ्रीज अडवणं हे निव्वळ थंडीचं सोवळं आहे, आणि त्यापायी नवखी माणसं घाबरून मागे फिरतात.

३४/७० बद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. ते यीस्ट फार सोशिक आहे. पण सगळी लागर यीस्ट तशी नसतात. हीच रेसिपी दुसऱ्या एखाद्या यीस्टवर २० अंशांना केली, तर फळांसारखा वास डोकावण्याची चांगलीच शक्यता असते. मी लिहिलं ते एकाच पाकिटापुरतं नव्हतं.

सोवळं म्हणाल, तर ते अनुभवातून आलंय. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करायला बंदी घातली गेली, कारण उष्णतेत ती नासायची. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शुद्ध लागर यीस्ट वेगळं केलं ते १८८३ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे की हे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पालक एल, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरचं नेहमीचं यीस्ट, तर दुसरा युबायानस नावाचा थंडी सोसणारा. हा दुसरा २०११ साली दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात ओळखला गेला. थंडीत काम करण्याचा गुण त्याच्याकडून आलाय, आणि त्या थंडीत फळांचे वास कमी तयार होतात, म्हणून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) उघडे पडतात. त्यात काही लपत नाही.

दुप्पट यीस्ट हा वेगळा नियम नाहीच. थंडीत पेशी सावकाश वाढतात, म्हणून सुरुवातीलाच जास्त घालाव्या लागतात: एलला दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (आंबवायच्या रसातल्या साखरेचं माप) साधारण साडेसात लाख, लागरला पंधरा लाख. वीस लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं. उबेत करणार असाल तर एकात भागेल, त्यावर माझा वाद नाही.

माझा खरा मतभेद तुमच्या या वाक्याशी आहे: ‘चाखून बघितली, लोण्याचा वास नव्हता, बाटल्या भरल्या.’ वाढताना यीस्ट अल्फा-अॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतं. त्याला स्वतःला वास नसतो. बिअरमध्ये त्याचं हळूहळू डायअॅसिटाइल होतं, म्हणजे तोच लोण्याचा वास, आणि मग यीस्टच ते परत शोषून घेतं. तुम्ही चाखलीत त्या दिवशी हा पदार्थ रूपांतर व्हायचा शिल्लक असेल, तर जिभेला काहीच कळणार नाही. वास येईल तो पुढे, बाटलीत, आणि तिथलं थोडंसं थकलेलं यीस्ट तो निस्तरेलच असं नाही. म्हणून दोन ग्लासांत नमुना घ्या, दोन्ही फॉइलने झाका. एक ग्लास ६०-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घ्या. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला, तर अजून थांबायचं. याच्यासाठीच ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाईल तशी ती उतरते) १.०४८ वरून १.०१६ च्या आसपास आली की मी बिअर १६-१८ अंशांवर जाऊ देतो आणि ही चाचणी साफ येईपर्यंत तिथेच ठेवतो. म्हणजे ऊब माझ्याही पद्धतीत आहेच, फक्त शेवटाकडे.

तुम्ही एकदा थंडीत करून पाहिली आणि सडक्या अंड्यांचा वास आला म्हणून ओतून दिली, हे वाचून फार वाईट वाटलं. ती बिअर बिघडलेली असेलच असं नाही. थंड फर्मेंटेशनमध्ये हायड्रोजन सल्फाइड हमखास निघतो. बराचसा कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातो, उरलेला थंड साठवणीत जातो. नवख्यांना आधी हेच सांगायला हवं.

आणि ती साठवण ३४/७० लाही चुकत नाही. प्रथिनं आणि पॉलीफेनॉल यांची धूसरता थंडीतच धरते, त्यामुळे ती खाली बसवायलाही थंडीच लागते. बाहेर नितळ दिसलेली बिअर फ्रीजमध्ये गढूळ होते ती यामुळेच. ०-२ अंशांवर काही आठवडे द्या. जिलेटिन वापरून वेळ वाचवलात तरी माझी हरकत नाही.

ज्याच्याकडे जादा फ्रीज नाही त्यानं तुमच्याच वाटेनं जावं, मी आनंदानं ती बिअर पिईन. पण फ्रीज असताना कुणी पहिली खरी लागर कशी करू असं विचारलं, तर मी त्याला पूर्ण रस्ताच सांगणार.

एक सुचवतो. पुढचा वर्ट (आंबवायचा गोड रस) दोन फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यांत, विभागा. दोन्हीत ३४/७० च, एक १० अंशांवर, एक १९ वर. तापमान बिअरचं मोजा, फ्रीजमधल्या हवेचं नव्हे: सेन्सर फर्मेंटरला बाहेरून चिकटवून वर जाड कापडाची घडी बांधा. दोन्हींना साठवण सारखीच द्या. मग तीन ग्लास भरा, दोन एका बिअरचे, एक दुसऱ्याचा, आणि कुठला काय हे माहीत नसलेल्या माणसाला वेगळा ओळखायला सांगा. निकाल काहीही लागो, इथे जरूर लिहा. तुमच्या बाजूने लागला तर तो मी मूळ लेखात घालेन.