‘कायम घाईत’ यांना उत्तर

मागच्या आठवड्यात नागपूर-मुंबई कामाच्या फेऱ्यांसाठी कार, विमान आणि दुरांतो यांचा हिशेब मांडला होता आणि कौल दुरांतोला दिला होता. त्यावर ‘कायम घाईत’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली: “दीड तासाचं विमान सोडून रात्रभर गाडीत लोळणाऱ्याच्या वेळेला किंमत नसावी. समृद्धीचा टोल धरलेला नाही. आणि परतीचं तिकीट वेटिंगला अडकलं तर?”

टोल राहिला, कबूल. कारला एका बाजूचे १,४०० च्या वर जातात. झालं समाधान? तशीही ७०१ किलोमीटर गाडी हाकून आमणेला उतरायचं आणि भिवंडीपासून पुढची मुंबई कपाळी असतेच.

आता ते ‘लोळणाऱ्या’चं. भाऊ, आपली ओळख ना पाळख, आणि तुम्ही थेट माझ्या वेळेची किंमत ठरवून मोकळे! हिंगण्याच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवतो, बावीस वर्षं मुंबईच्या वाऱ्या करतोय. माझ्या वेळेला किंमत नसती तर नऊ माणसांचे पगार काय सोनेगावच्या तलावातून निघाले असते?

तुमचा दीड तास फक्त हवेतला. सहाच्या विमानासाठी साडेतीनला उठायचं, रांगेत पट्टा काढायचा, सांताक्रूझला उतरून टॅक्सीत पेंगत फोर्ट गाठायचं. दुरांतो रात्री नऊच्या आत सुटते आणि सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला लागते. इस्त्रीचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी बर्थच्या हुकाला टांगतो. कल्याण गेलं की बेसिनशी दाढी, मग शर्ट चढवायचा, आणि स्टेशनातून बाहेर पडून चालत फोर्ट. मधले तास मी झोपलेला असतो. तुम्ही घरी रात्री झोपत नाही काय?

विमानाचंही ऐका. एका पावसाळ्यात टेंडर दुपारी तीनला बंद होणार होतं. विमानाने मुंबईवर घिरट्या घातल्या आणि हैदराबादला जाऊन उतरलं. तीन वाजले तेव्हा मी तिथे उभा, हातात सीलबंद पाकीट, काउंटरवरची मुलगी म्हणते, “सर, पाणी घ्या.” ते पाकीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कसारा घाटात गाडीही अडकते म्हणाल. म्हणा.

वेटिंगचं काय, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. वेळेत काढा. (मीटिंग दोन दिवस आधी ठरते, हे मला ठाऊक आहे, शिकवू नका.)

विरोधी मताचं इथे स्वागतच आहे, पण स्वतःचं नाव घालून लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. आणि इतकी घाई असताना माझा लेख शेवटपर्यंत वाचायला तुम्हाला फुरसत कुठून मिळाली, बाप्पा?

येत्या गुरुवारी पुन्हा मुंबई आहे. साइड लोअर मिळाला आहे.