टीव्ही खाली, एफव्ही वर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला सगळ्यात निवांत बसलेली मुलं म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली. त्यांची दया येते, कारण त्यांचंच सगळ्यात आधी बिनसतं. समोर स्टीलचा पेला ठेवला, की त्यांचा हात आपोआप तोंडाचा लंबगोल काढतो आणि एका बाजूने छान सावली धरतो. इथे त्या सावलीला शून्य मार्क. पेला समोरून पाहिला की समलंब चौकोन आणि वरून पाहिला की एकात एक दोन वर्तुळं. संपला पेला. लंबगोल दिसतो तो आपण जवळ, तिरपे उभे असतो म्हणून. या विषयात बघणारा अनंत अंतरावर उभा असतो आणि त्याच्या नजरेच्या रेघा एकमेकींना समांतर येतात. शेवटच्या बाकावरच्या मंडळींना ही कल्पना चटकन पटते. त्यांचा फळ्याशी असलेला संबंध साधारण तसाच असतो.

पण दृष्टीची गोष्ट नंतर. निम्मे विद्यार्थी पहिली रेघ मारण्याआधीच हरलेले असतात, आणि ते सामानामुळे. मिनी ड्राफ्टरला, म्हणजे बोर्डाला अडकवून समांतर रेघा मारायच्या दांड्या-पट्ट्यांच्या यंत्राला, ‘मिनी’ हे नाव ज्याने दिलं, त्याला गर्दीच्या वेळी ड्राफ्टर घेऊन लोकलमध्ये चढवायला हवं. एका खांद्यावर रामाच्या भात्यासारखा शीट कंटेनर, दुसऱ्या हातात सुटून बाहेर येऊ बघणारे ड्राफ्टरचे दांडे, आणि बाहेर पाऊस. पहिलं सत्र नेमकं पावसाळ्यातच पडतं. कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो, आणि सकाळी ताणून लावलेल्या शीटला दुपारी पापडासारखे फुगे येतात. त्यावर कंपास टेकवणं म्हणजे हलत्या होडीत रांगोळी.

ड्राफ्टर लावायचा क्रम मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी तो उलटा होतो. आधी क्लॅम्प बोर्डाच्या वरच्या कडेला डावीकडे घट्ट आवळायचा. मग कोनमापक शून्यावर आणून नॉब कसायचा. मग शीट बोर्डावर ठेवून तिची कड पट्टीला जुळवायची, आणि सगळ्यात शेवटी क्लिपा लावायच्या. मुलं आधी शीट ठोकून बसवतात आणि मग ड्राफ्टर ‘अंदाजे’ सरळ करतात. हा अंदाज एका अंशाने चुकला, तर 300 मिमी लांबीच्या रेघेचं टोक 5 मिमी वरखाली जातं. मध्येच क्लॅम्प ढिला झाला तर आणखी मजा. शीटच्या डावीकडचं जग एका दिशेला आडवं आणि उजवीकडचं दुसऱ्या. विचारलं तर उत्तर येतं, “सर, बेंच वाकडा आहे.”

पेन्सिलींचं म्हणाल तर यादी सरळ आहे: कन्स्ट्रक्शन लाइनला, म्हणजे पुसट आधाररेघेला, टूएच, बाह्यरेषेला एच, अक्षरांना एचबी. प्रत्यक्षात मुलाच्या खिशात एकच क्लच पेन्सिल असते, तिच्यात बारावीपासूनचं एचबी शिसं. सगळ्या रेघा सारख्याच काळ्या, म्हणजे वस्तू कुठली आणि ती काढायला मारलेला आधार कुठला, हे ओळखायला ज्योतिषी बोलवावा. शिवाय एचबीच्या मऊ रेघांवरून ड्राफ्टरची पट्टी दिवसभर घासत फिरते. संध्याकाळी शीट म्हणजे कोळशाची वखार. खोडरबराचा चुरा तळव्याने झटकला की उरलासुरला कागदही रंगतो. त्याला फडकं किंवा ब्रश लागतो. कंपासमध्ये शिसं एक नंबर मऊ घालायचं, कारण पेन्सिलीवर देतो तेवढा जोर कंपासवर देता येत नाही. आणि कंपासचं अणकुचीदार टोक शिशापेक्षा मिलिमीटरभर पुढे ठेवायचं, कारण ते कागदात रुततं.

आता शीटवर पहिलं काय काढतात? टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-माहितीची चौकट. खालच्या उजव्या कोपऱ्यात 185 बाय 65 मिमी, त्यात स्वतःचं नाव लग्नपत्रिकेसारखं सजवून. ए2 शीट 594 बाय 420 मिमी. डावीकडे फायलिंगसाठी 20 आणि बाकी तिन्ही बाजूंना 10 मिमी सोडले, की हातात 564 बाय 400 उरतात. फ्रंट व्ह्यू मोठ्या हौसेने मधोमध काढून झाला की लक्षात येतं, टॉप व्ह्यू खाली काढायचाय आणि तिथे आपलंच नाव पसरून बसलंय.

खाली का, हा प्रश्न मात्र योग्य आहे. पोरं त्यांना टीव्ही आणि एफव्ही म्हणतात, आणि घरात टीव्ही भिंतीवर असतो, तो पायाशी कसा आला याने गोंधळतात. खोलीचा कोपरा डोळ्यांसमोर आणा. समोरची भिंत म्हणजे व्हीपी (व्हर्टिकल प्लेन, उभं प्रतल), फरशी म्हणजे एचपी (हॉरिझॉन्टल प्लेन, आडवं प्रतल), वस्तू दोन्हींच्या मध्ये. समोरून पाहिलेलं भिंतीवर उमटतं, वरून पाहिलेलं फरशीवर. मग कागद सपाट असल्यामुळे फरशी बिजागरीवरून खाली पाडायची. ती बिजागरी म्हणजे एक्सवाय रेघ. म्हणून टीव्ही खाली. त्याच न्यायाने डावीकडून पाहिलेलं दृश्य पलीकडच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या भिंतीवर पडतं आणि उजवीकडे काढलं जातं. हा फर्स्ट अँगल, आपल्याकडे चालतो तो. अमेरिकेत थर्ड अँगल: तिथे बघणारा आणि वस्तू यांच्यात काचेचा पडदा असतो, त्यामुळे टीव्ही वर आणि डावं दृश्य डावीकडे. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकाच शीटवर दोन्ही बरोबर नाहीत. टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह कुठली पद्धत वापरलीय हे सांगायलाच असतं, आणि ते नेमकं शेजाऱ्याचं बघून उलटं काढलेलं असतं. लेथवरचा माणूस तुमच्या मनातलं बनवत नाही, कागदावरचं बनवतो. डावीकडचं भोक मग उजवीकडे पडतं.

हे सगळं फ्रान्समध्ये गास्पार मोंज या माणसाने मेझिएरच्या लष्करी शाळेत तटबंदीची आकडेमोड टाळण्यासाठी काढलं. लष्कराने ते बरीच वर्षं गुपित ठेवलं आणि जाहीरपणे शिकवायला 1795 साल उजाडलं. माझ्या वर्गात अजून गुपितच आहे.

खरा रडवणारा धडा मात्र ठोकळ्यांचा नाही, एका साध्या रेघेचा. रेघ 80 मिमी, एचपीशी 30 अंश, व्हीपीशी 45 अंश. सत्तर टक्के शीट्सवर (हा माझा कावलेला अंदाज) एफव्ही सरळ 30 अंशांत आणि टीव्ही 45 अंशांत काढलेला असतो. दोन्हीकडे 80 मिमी, आणि चेहऱ्यावर समाधान. अहो, रेघ दोन्हीकडे कललेली आहे. ती कुठल्याच दृश्यात पूर्ण लांबीची दिसणार नाही.

करायचं असं. रेघेच्या एका टोकाचा एफव्ही म्हणजे ए डॅश, तो एक्सवायच्या वर; टीव्ही म्हणजे ए, तो खाली. ए डॅशपासून 30 अंशांत 80 मिमी मारा. टोक 40 मिमी वर जातं, तिथून आडवी रेघ, तो झाला वरचा लोकस, म्हणजे दुसरं टोक जिच्यावर कुठेतरी असणार ती रेघ. एपासून खाली 45 अंशांत 80 मिमी मारा. टोक 56.6 मिमी खाली जातं, तिथून खालचा लोकस. आता वरच्या रेघेचं टोक उभं खाली सोडून एमधून जाणाऱ्या आडव्या रेघेवर आणा. मिळाली टीव्हीची लांबी, 69.3 मिमी. ती कंपासमध्ये घेऊन एभोवती खालच्या लोकसपर्यंत फिरवा: बी. तसंच खालच्या रेघेचं टोक वर नेऊन एफव्हीची लांबी घ्या, 56.6 मिमी, आणि ए डॅशभोवती वरच्या लोकसपर्यंत फिरवा: बी डॅश. बी आणि बी डॅश एकाच उभ्या रेघेत आले पाहिजेत, एच्या उभ्या रेघेपासून 40 मिमीवर. आले नाहीत, तर कंपास चुकीच्या लोकसवर नेलाय. हे दहातल्या आठांचं होतं. उरलेल्या दोघांचं शिसं बोथट असतं. आणि कोनमापक लावून बघा: 30 अंशांची रेघ एफव्हीत 45 दिसते, 45 ची टीव्हीत जवळजवळ 55. दोन खऱ्या कोनांची बेरीज 90 च्या वर गेली तर अशी रेघ जगात असूच शकत नाही. तरी दर वर्षी कोणीतरी ती काढून, मापं टाकून, सहीसाठी आणतंच.

डोक्यात आकार शिरत नसेल तर पेन्सिल ठेवून स्वयंपाकघरात जावं. कपड्यांच्या साबणाची वडी सुरीने पायरीसारखी कापली की ऑर्थोग्राफिकचा, म्हणजे या समोरून-वरून दृश्यांचा, निम्मा धडा हातात येतो. शंकूसारखं गाजर तिरपं कापलं की लंबगोल. तिरक्या कडेला समांतर कापलं की पॅराबोला, अक्षाला समांतर कापलं की हायपरबोला, आणि चुकलं तर कोशिंबीर. डेव्हलपमेंटसाठी, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग सपाट उलगडून काढायला, भेळवाल्याचा कागदी कोन उलगडावा. तळाची त्रिज्या 25 आणि तिरकी उंची 75 मिमी, तर कागदाचा कोन 360 गुणिले 25 भागिले 75, म्हणजे 120 अंश. मुलं तिरक्या उंचीऐवजी सरळ उंची घेतात. त्या कोनात भेळ कमीच मावेल.

आयसोमेट्रिकबद्दल, म्हणजे तिन्ही बाजू एकत्र दाखवणाऱ्या चित्राबद्दल, एवढंच, की अक्ष 30 अंशांना आणि प्रोजेक्शन म्हटलं असेल तर मापं 0.816 पट. व्ह्यू म्हटलं असेल तर मापं पूर्ण. प्रश्नातला तो एक शब्द न वाचल्याने केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेली, माणसं आज मोठमोठे पूल बांधत असतील.

राहिली जीटी, म्हणजे काचेवर ठेवून गिरवणं. काच, खाली ट्यूब, वर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल उजळलेलं असतं. पकडायला डोकं लागत नाही. शीट उजेडासमोर धरायची आणि वर्तुळांच्या केंद्रात कंपासचं भोक शोधायचं. गिरवलेल्या वर्तुळाला ते नसतं. ही युक्ती पोरांना कधीच कळलीय, त्यामुळे हल्ली भोकं नंतर पाडून आणतात. परवाच्या गठ्ठ्यात ती एका शीटवर चौकोनाच्या मधोमधही होती.